दुष्काळ, धान्य आणि मेंढरांमागचा संसार

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज या मांडवात बसलेल्यांपैकी बहुतेक जण पगारावर, दुकानावर किंवा बागाइतीवर जगणारे आहेत. परंतु आपला एखादा चुलता, एखादी मावशी या घटकेस मेंढरे घेऊन कोठे तरी वाटेवर असेल. त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचे काम मंडळाने आमच्यावर सोपविले, म्हणून उभे आहोत.

दुष्काळ पडला की धान्य वाटावे, ही आपली सरळ समजूत. ती खोटी नाही. १९७२ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ४९ लाख माणसे होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, असे वडीलधारे आजही या सभेत आहेत. त्या कामांनी असंख्य जीव तगविले. परंतु हजेरीपटावर नाव लागते ते एका जागी राहणाऱ्याचे. आमचे एक चुलते म्हणत, खडी फोडायला बसावे तर मेंढरे कोणी वळावी, आणि मेंढरांमागे जावे तर सुकडी कोणी द्यावी? अखेर दोघी सुनांना त्यांनी खडीवर धाडले आणि स्वतः थोरल्या मुलासह घाट उतरले. परत आले तेव्हा निम्मा कळपही बरोबर नव्हता. काही मेंढरे मेली, पण अधिक विकावी लागली, आणि तीही मिळेल त्या भावाने.

या भावाचे गणित आपण नीट ध्यानी घेतले पाहिजे. मेंढपाळ मेंढरे पाळतो, पण पोट भरतो ते भाकरीवर. दुष्काळात सगळेच वाडे एकदम बाजारात येतात, मेंढरे वाळलेली असतात, भाव कोसळतो. आणि त्याच आठवड्यात जोंधळा महागतो. काल एका मेंढीत जितके धान्य येई, तितक्यासाठी आज दोन-तीन द्याव्या लागतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात इथिओपियातील १९७२-७४ च्या दुष्काळाचा विचार करताना हेच दाखविले. तेथील अफार पशुपालकांचे दुःख तर आपल्या माण-फलटणच्या माणसास ओळखीचे वाटेल. आवाश नदीकाठची जी कुरणे त्यांना उन्हाळ्यात तारीत, तीच कापूस आणि उसाच्या मोठ्या मळ्यांखाली गेली होती. पाऊस तर सर्वांचाच गेला, परंतु अफारांची चराई आधीच गेलेली होती.

आपल्याकडे पूर्वी दिवाळीनंतर वाडे निघत, वाटेवरचे शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवीत आणि खताच्या मोबदल्यात धान्य देत. ही देवाणघेवाण अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. दुष्काळात मात्र शेतकऱ्याच्या कणगीतच दाणा नसतो, तो देणार कोठून? आणि पाणी आलेल्या गावी बारमाही ऊस उभा, तेथे मेंढराला पाऊल टाकायला जागा नाही. कोणाचा ऊस, हे आम्ही विचारीत नाही. या मांडवातही ऊसवाले आहेत.

चारा-छावण्यांची कथा निराळी नाही. वर्षानुवर्षे छावणी म्हणजे गाई-बैल-म्हशींची. २०१९ च्या दुष्काळात शेळ्या-मेंढ्यांच्या छावण्यांना शासनाने मान्यता दिली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण तोवर उन्हाळा सरत आला होता.

आता आपल्याच घरचे सांगतो. त्याच साली आपल्या मंडळाने धान्य वाटले. याद्या गावोगावी बसून केल्या, पोती गावोगावी उतरविली. जे घरी होते त्यांना मिळाले. जे मेंढरांमागे होते त्यांच्या दारास कुलूप होते, म्हणून त्यांचे नाव यादीत आलेच नाही. यादी करणाऱ्यांत आम्हीही होतो. ज्यांच्या नावाने वर्गणी मागितली तेच वगळले गेले, हे आम्हांस पावसाळ्यात वाडे परतल्यावर कळले. एका म्हातारीने एवढेच विचारले, “आमी काय मेलो हुतो व्हय?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शिधापत्रिकेवर आता कोणत्याही गावच्या रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते. घरी राहिलेल्यांनी काही वाटा तेथे घ्यावा आणि उरलेला वाटेवरच्यांनी वाटेत, अशीही सोय आहे. माणशी पाच किलोंप्रमाणे सहा माणसांच्या घरास महिन्यास ३० किलो होतात. एवढे धान्य वाटेत पदरी पडले तर पोटासाठी मेंढी विकण्याची वेळ पुष्कळदा टळेल. मात्र ही सोय वाड्यावरच्या किती जणांस ठाऊक आहे? आपली शिकलेली मुले ही माहिती तेथवर पोहोचवू शकतात.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, मंडळाने पुढील दुष्काळात पैसा आधी चारा, पाणी आणि लसीकरण यांवर खर्च करावा, धान्यावर नंतर. व्याणारी मेंढी एकदा खाटकाच्या हाती गेली की तिची जागा भरायला दोन-तीन वर्षे लागतात. पोते महिन्याभरात संपते. हे मत सर्वांस रुचणार नाही; पोते वाटताना छायाचित्र चांगले निघते, पेंढीचे निघत नाही.

मांडवाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. आपल्या नात्यातील कोणता वाडा कोणत्या वाटेने जातो, कोणत्या महिन्यात कोठे असतो आणि बरोबर कोणाचा दूरध्वनी आहे, एवढे जाताना त्यात लिहावे. चिटणीस जेवणाची पंगत उठेपर्यंत तेथे बसणार आहेत.