कमरेइतकं खुराडं

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कोंबड्यांचा कारभार बहुधा आजीच्याच हाती असतो. दिवेलागणीला ती पिल्लं डालग्याखाली झाकते. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ दिवस बोटांवर मोजते. पण गुडघे धरतात, घरात कुणाला दमा जडतो आणि जमिनीलगतचं खुराडं वाकून झाडणं जिवावर येतं.

म्हणून कोंबड्या विकायची घाई नको. खुराडं कमरेइतक्या उंचीवर घ्यावं, तळाला बांबूच्या फटी ठेवाव्यात; विष्ठा आपोआप खाली पडते. पिसांची, भुशाची धूळ दमेकऱ्याला बाधते. त्यामुळे झाडलोट घरातल्या धडधाकट माणसानं, नाकातोंडाला फडकं बांधून करावी.

मानमोडीवरची लासोटा लस पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाथेंबानं देतात. आजीचा हात थरथरत असेल, तर हे काम नातवाचं.

फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.