काबूलचा एल्फिन्स्टन

एल्फिन्स्टन म्हटलं की मुंबईकरांना कॉलेज आठवतं. ते ज्याच्या नावाचं, तो माउंटस्टुअर्ट, मुंबईचा गव्हर्नर. आजची गोष्ट त्याच्या चुलतभावाची, मेजर जनरल विल्यम एल्फिन्स्टनची.

याचा सीव्ही बघा. १८०४ला सैन्यात. १८१५ला वॉटर्लूमध्ये ३३व्या पलटणीचा प्रमुख. भारी ना? पण १८२२पासून अर्ध्या पगारावर, मग राजाचा एडीसी, आणि १८३७ला मेजर जनरल. १८४१ला काबूलच्या फौजेची सूत्रं हातात आली तेव्हा वॉटर्लूला २६ वर्षं झाली होती. वय साठीला टेकलेलं, संधिवाताने चालणं मुश्कील.

तिकडे कंदाहारला जनरल नॉट होता, हिंदी शिपायांना नीट ओळखणारा. पण तो कंपनीच्या फौजेतला आणि तोंडाने फटकळ, म्हणून गव्हर्नर जनरल ऑकलंडला नकोसा. (आपल्या फील्डमध्ये असं कधी होतच नाही म्हणा!)

मला टोचतं ते हे, की एल्फिन्स्टनला स्वतःची अवस्था माहीत होती. त्याने सुटका मागितलेली. भारतात परतायची तयारी चालू असतानाच, २ नोव्हेंबरला, काबूलमध्ये उठाव झाला. शहरात अलेक्झांडर बर्न्स मारला गेला आणि छावणीतून वेळेवर मदत पोचलीच नाही. धान्याचं कोठार छावणीबाहेरच्या किल्ल्यात होतं, तेही काही दिवसांत गेलं. मग सुरू झाल्या मीटिंगवर मीटिंग. दोन नंबरचा अधिकारी शेल्टन तर अंथरूण घेऊन यायचा आणि जमिनीवर पडून राहायचा. प्रोडक्शन डाऊन असताना कॉलवर कॅमेरा बंद करून बसणारे आठवले मला.

६ जानेवारी १८४२ला भर बर्फात माघार सुरू झाली. साधारण ४,५०० सैनिक, त्यात बहुतेक हिंदी शिपाई, शिवाय सुमारे १२,००० नोकरचाकर आणि बायकापोरं. एल्फिन्स्टन वाटेतच अकबर खानाकडे ओलीस राहिला आणि एप्रिलमध्ये कैदेतच हगवणीने गेला.

१३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन जलालाबादला पोचला. रील्समध्ये सांगतात, 'एकटाच वाचला'. साफ चूक! हजारो मेले हे खरं. पण त्याच सप्टेंबरमध्ये इंग्रज फौज परत काबूलला गेली, तेव्हा शेकडो शिपाई आणि नोकर तिथे जिवंत सापडले. कितीतरी जणांचे हातपाय बर्फाने गेलेले, भीक मागून जगलेले. ब्रायडनचं घोड्यावरचं चित्र लेडी बटलरने १८७९ला काढलं, ते सगळीकडे दिसतं. या शिपायांचं मी शोधतोय, अजून एकही सापडलेलं नाहीये.