पाळणाघरातला कॅमेरा कोणासाठी?

(पाळणाघर चालवणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



मुलाचं नाव घालायला येणारे पालक आता आधी विचारतात, "कॅमेरा आहे ना?" त्यांची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणातून लोकांसमोर आली. बोलता न येणाऱ्या बाळाला तो साक्षीदार मिळाला. पण कॅमेरा होता म्हणून तिचा मार चुकला नाही, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून कॅमेरा हवा की नको, एवढ्यावर आपण थांबू नये. तो कुठे लावायचा, चित्रण कोणी पाहायचं, सेविकेचा त्यात काय हक्क आणि तक्रार आली तर पुढे काय, हे ठरवायला हवं.

आधी जागा. लंगोट बदलण्याची जागा, न्हाणीघर, संडास, आई बाळाला अंगावर पाजते तो कोपरा आणि सेविकांची कपडे बदलण्याची खोली, इथे कॅमेरा नको. कोणाच्याही गुप्तांगाचं चित्र संमतीशिवाय जाणूनबुजून घेणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरं, फोनवर दिसणारं थेट चित्रण. एका आईला त्यात स्वतःचं बाळ दिसतं, तशी इतरांची बाळंही दिसतात. त्या इतरांना कोणी विचारलं? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. तो हक्क पाळण्यातल्या बाळालाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं त्यात आहे. २०२५ च्या नियमांनी पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्यांना मुलांवर लक्ष ठेवण्याची सूट दिली, पण ती मुलांच्या सुरक्षिततेपुरतीच. जाहिरातीसाठी मुलांची चित्रं वापरणं त्यात बसत नाही.

तिसरी गोष्ट सेविकेची. ती किती मिनिटं बसली, कोणाशी बोलली, हे मोजायला कॅमेरा वापरायचा आणि पगार मात्र तुटपुंजा द्यायचा, हे आपण मान्य करता कामा नये. कॅमेरा कुठे आहे, कशासाठी आहे, हे कामावर घेतानाच तिला तिच्या भाषेत लेखी सांगावं. आवाज नोंदवू नये. तिच्याविरुद्ध तक्रार आली तर तिला चित्रण दाखवावं आणि तिचं म्हणणं ऐकून घ्यावं.

चौथं, तक्रारीनंतरचं काम. यंत्रातली जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. म्हणून मुलाला इजा झाल्याचं कळताच त्याच दिवशी ते वेगळं काढून ठेवा. नक्कल न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते चित्रण फोनवरून इतरांना पाठवणं म्हणजे त्या मुलावर दुसरा अन्याय.

शेवटी, कॅमेरा बाळाला उचलून घेत नाही. एकाच बाईवर पंधरा बाळं टाकली तर भिंतीवरचा कॅमेरा फक्त तिची दमछाक टिपेल. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा, हा हक्क २०१७ च्या दुरुस्तीने मिळाला. सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. मालक जेव्हा म्हणतात, "फोनवर बघा की, जायचं कशाला?" तेव्हा हा हक्कच काढून घेतला जातो. तो सोडू नका.

पुरेशा सेविका, त्यांना नीट पगार, आईसाठी उघडं दार आणि कॅमेऱ्याचे लेखी नियम, या मागण्या आपण एकत्रच मांडू या.