नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नेमका कोणता?

लिनक्स सर्व्हरचं नेटवर्क मधूनच तुटतंय म्हटलं की पहिला प्रश्न येतो: ड्रायव्हरची आवृत्ती कोणती? बरेच जण 'मॉडइन्फो' चालवून आकडा कळवतात. पण तो डिस्कवरच्या फाइलचा! नवा ड्रायव्हर टाकला आणि मॉड्यूल पुन्हा लोड केलं नाही, तर मेमरीत जुनाच चालू असतो. म्हणून 'इथटूल', पुढे डॅश आय आणि इंटरफेसचं नाव द्या. चालू ड्रायव्हर कळतो, बहुतेक कार्डांत फर्मवेअरही. तिथे कर्नलचीच आवृत्ती दिसली तर गोंधळू नका. कर्नलसोबत आलेल्या ड्रायव्हरांचं आता बहुधा तसंच असतं. आणि हो, दुरून लॉगिन करून मॉड्यूल काढलंत, तर तुमचंच कनेक्शन जाईल. आधी सर्व्हरजवळ कोणी आहे का, ते विचारा.