आजीने का ओवाळायचे नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. "लहान मुलांचे संगोपन आणि घरातील देवभक्ती" यावर तुम्ही बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, हा विषय कीर्तनकारांचा, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "मुले तुम्ही वाढवलीत ना? मग घरात जे झाले ते सांगा." म्हणून जे झाले तेच सांगते. त्यात माझी एक चूक आहे. ती झाकून ठेवली तर या बोलण्याला काही अर्थ नाही.

लग्न होऊन मी गोरेगावात आले ती दोन खोल्यांच्या घरात. माहेरी कोकणात आमचा मोठा देव्हारा. आई तासभर पूजा करायची, चंदन उगाळायची, फुले वेचून आणायची. इथे पहाटे पाणी यायचे ते जायच्या आत भरून घ्यायचे, यांचा डबा करायचा, यांची गाडी चुकू नये म्हणून धावपळ करायची. त्यात मुलगी झाली. मग कसली पूजा आणि कसले स्तोत्र! मुलीला न्हाऊमाखू घालीपर्यंत अकरा वाजत. देवावरचे कालचे फूल तसेच सुकून गेलेले असे. एके दिवशी त्या फुलाकडे पाहून मला रडूच आले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? कडेवर मूल आहे तोवर तोच तुझा देव. दिवा लाव, हात जोड आणि भाताकडे बघ, करपतोय."

या एका वाक्याने माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. ज्यांच्या घरी आज लहान मुले आहेत त्या तरुण मुलींना मी हेच सांगेन. मूल तापाने फणफणले असताना रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणे ही पूजाच आहे. उपवास मोडला म्हणून जीव टांगणीला लावू नका.

मुलीला देवाची ओळख करून दिली ती सासूबाईंनीच. दिवेलागणीला त्या तिला मांडीवर घेत, शुभंकरोती म्हणून घेत, मग पाढे, मग एक गोष्ट. कधी ध्रुवाची, कधी जनाबाईची. जनाबाईला विठोबा दळू लागला, हे ऐकून आमची थोरली मला म्हणाली, "आई, तुझ्या मिक्सरला कोण हात लावतो?" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

तिला पाचवे वर्ष लागले आणि आमचे मामंजी गेले. सासूबाईंच्या हातातील बांगड्या गेल्या, कपाळ मोकळे झाले. सारे रीतीप्रमाणे झाले. करणाऱ्यांत मीही होते. त्या रडत होत्या आणि आम्ही रीत पाळत होतो. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही सांगते.

पुढच्याच वर्षी धाकटा झाला, आणि तो वर्षाचा होऊन गेल्यावर, दहाएक वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला, त्याचे बोरन्हाण करायचे ठरले. त्याच दिवशी हळदीकुंकूही उरकायचे होते. सासूबाईंना काय उत्साह! हलवा विकतचा आणायचा नाही, म्हणाल्या. तुमच्यापैकी ज्यांनी घरी हलवा केला आहे त्यांना ठाऊक आहे की ते किती चिकाटीचे काम आहे. मंद विस्तवावर परात ठेवायची, तीळ, खसखस गरम करायची, वर चमचा चमचा पाक घालीत बोटांनी हलवीत राहायचे. घाई केली की गोळा होतो. रोज थोडे थोडे, असे तीन दिवस त्या बसल्या. बोटांची टोके लाल झाली, पण हलव्याला असा काटा आला की पाहत राहावे. मग तो हलवा दोऱ्यात ओवून बाळासाठी मुकुट, हार, बाजूबंद, बासरी असे दागिने केले. काळ्या कापडाचे झबलेही त्यांनीच शिवले.

संध्याकाळी बायका जमल्या. बाळाला पाटावर बसवले. त्याने आधी बासरीच तोंडात घातली! पाच सुवासिनींनी ओवाळले. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतले आणि वाडीतल्या पोरांनी एकच गलका केला. या सगळ्यात सासूबाई कुठे होत्या? स्वयंपाकघरात, दाराच्या आड, पातेल्यात दूध ढवळीत. त्यांना कोणी जा म्हटले नव्हते. त्या आपण होऊन आत गेल्या होत्या. पण बाहेर या, असेही मी म्हटले नव्हते.

थोरली तबक घेऊन माझ्यापाशी आली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, आजीचे ओवाळायचे राहिले."

सगळ्या गप्प झाल्या. मी हळूच म्हटले, "आजीला चालत नाही."

"का चालत नाही?"

"देवाला चालत नाही," असे मी बोलून गेले. तिला गप्प करण्यासाठी जे तोंडाला आले ते बोलले. आपण मुलांना असे कितीदा तरी बोलतो.

रात्री सगळे आवरल्यावर ती अंथरुणात मला विचारते, "आई, देव आजीवर रागावलाय का? आजीने काय केले?"

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. जिने माझ्या मुलीला हात जोडायला शिकवले, तिच्यावरच देव रागावला आहे, असे मीच मुलीच्या मनात घातले होते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मुलगी आजीच्या मांडीवर बसली, पण शुभंकरोती म्हणेना. "देव वाईट आहे," म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. ते न बोलणे मला आजही आठवते.

मी असे का केले, याचा खूप विचार केला. खरे कारण भक्ती नव्हती, भीती होती. रीत मोडली आणि यांना काही झाले तर? बाळाला काही झाले तर? उगाच विषाची परीक्षा कशाला? ही भीती मला कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती. लहानपणी आईच्या हळदीकुंकवाला विधवा काकू माजघरात बसलेली मी पाहिली होती, तेवढ्यावरून मी शिकले. मुले आपण सांगतो त्याने शिकत नाहीत. आपण कोणाला पाट देतो आणि कोणाला दाराआड ठेवतो, ते पाहून शिकतात. माझ्या मुलीनेही ते पाहिले होते.

मग मी इकडे तिकडे विचारू लागले, थोडे वाचू लागले. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. पुढे त्यांनी राज्य सांभाळले, घाट बांधले, आणि १७८० साली काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. काशीला जाऊन आलेल्या बायका आपल्यात आहेत. त्या देवळात हात जोडताना, हे एका विधवेने बांधले आहे, म्हणून कोणी मागे फिरल्या का? देवाचे घर बांधलेले देवाला चालते, मग नातवाला ओवाळलेले का चालू नये?

आणि इतक्या लांब कशाला जायचे? आपल्याच गोरेगावचे पाहा. मृणालताई गोरे. १९५८ साली त्यांचे यजमान केशव गोरे गेले. पदरात लहान मुलगी. ताईंचे वय अवघे तिशीचे. यजमानांच्या नावाचे स्मारक आरे रोडला आहे, तिथे आपल्यापैकी पुष्कळजणी कार्यक्रमांना जातात. त्या दुःखातून उठून ताई लोकांत मिसळल्या. १९६१ साली महापालिकेत निवडून आल्या, आणि पाण्यासाठी एवढे भांडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. २०१२ साली त्या गेल्या. आज आपल्या इथल्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे.

मी हे सासूबाईंना म्हटले, तेव्हा त्या खुलल्या. लग्न होऊन त्या १९७० साली इथे आलेल्या. महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे निघाले, तेव्हा त्याही लाटणे घेऊन गेल्या होत्या! म्हणाल्या, "आम्ही ताईंच्या मागून चाललो, तेव्हा मनात कधी शकुन-अपशकुन आला नाही. घरात पाणी आले ते शुभच होते." मग थांबून म्हणाल्या, "पण घरात ते धैर्य होत नाही गं."

घरातले धैर्य सगळ्यांत अवघड, हे अगदी खरे. म्हणून आम्ही एकदम काही केले नाही. धाकट्याचा पुढचा वाढदिवस आला, तेव्हा मी तबक त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, "आई, पहिल्यांदा तुम्ही ओवाळा." त्यांचा हात थरथरत होता, निरांजन हलत होते. थोरलीने खालून तबकाला हात लावला. भीती मलाही होती. त्या रात्री मी दोनदा उठून बाळाच्या अंगाला हात लावून पाहिला. अंग थंड होते. तो छान झोपला होता.

दुसऱ्या दिवशी थोरलीने शुभंकरोती म्हटले. कोणी सांगावे लागले नाही.

कुंकवाला मात्र त्या नाहीच म्हणत राहिल्या. "माझे आता वय झाले," म्हणत. मीही आग्रह सोडला. बळजबरीने पुसणे वाईट, तसे बळजबरीने लावणेही बरे नाही. मग २०२२ सालच्या मे महिन्यात वर्तमानपत्रात बातमी आली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत, असा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीने केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. सासूबाईंनी ती बातमी चष्मा लावून दोनदा वाचली, कात्रण कापून पोथीत ठेवले. पुढच्या संक्रांतीला थोरली करंडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी डोळे मिटले आणि कपाळ पुढे केले. तिळगूळ घेताना माझ्या लेकीला म्हणाल्या, "तू लहानपणी विचारलेस ते बरे केलेस."

आता थोडे मंडळाविषयी. आपल्या हळदीकुंकवाची आमंत्रणे दरवर्षी घरोघर जातात. काही दारांवरून आपण पुढे निघून जातो. त्या दारांच्या आत बसलेल्या बायका आपले आवाज ऐकत असतात, आणि त्यांची मुलेही ऐकत असतात. एका मुलाने आईला विचारले असेल, "तुला का नाही बोलावले?" ती माऊली काय उत्तर देत असेल? माझी एवढीच विनंती आहे, की येत्या संक्रांतीपासून आमंत्रण प्रत्येक दारी द्यावे. ज्यांना कुंकू हवे त्यांनी लावून घ्यावे. ज्यांना नको त्यांना फूल द्यावे, वाण द्यावे, तिळगूळ द्यावा, पण पाट सगळ्यांना एकाच रांगेत मांडावा. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण श्रद्धेच्या नावाखाली कोणाला आत बसवायचे नाही, एवढे तरी आपण ठरवू या.

मुलांना देव शिकवायचा असेल तर तो आधी प्रेमळ आहे हे त्यांना आपल्या वागण्यातून दिसू द्या. स्तोत्रे मागाहून येतात.

माझ्या सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे सारे सांगू का, म्हणून मी त्यांना काल विचारले. त्या म्हणाल्या, "सांग. पण हलवा मी घरी केला होता हे विसरू नकोस." ते मी विसरले नाही.