पिशवीवरचा ‘सेंद्रिय’ शब्द आणि त्यामागचा पुरावा

(पुणे येथे थेट विक्री करणाऱ्या शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेच जण पुण्यातील आठवडी शेतकरी बाजारात किंवा कोथरूड, औंध, हडपसर भागातील सोसायट्यांमध्ये आपला तांदूळ, गूळ, डाळी थेट विकतात. तेथील ग्राहक भाव विचारण्याआधी विचारतो, ‘हे सेंद्रिय आहे का?’ आणि आपण ‘हो’ म्हणतो. पुढे पिशव्या छापायची वेळ आली की छापखान्यातला मुलगा हिरवे पान काढतो आणि त्याखाली ‘१०० टक्के नैसर्गिक व सेंद्रिय’ असे टाकून देतो. हे शब्द छापण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम गुळाचे उदाहरण घेऊ. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते आपल्या परिचयाचे आहे. पिवळाधमक गूळ दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. ती न टाकता, रानभेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ तांबूस-काळसर होतो. शहरातील ग्राहक हा काळसर रंग पाहून त्याला सेंद्रिय गूळ म्हणतो. वास्तविक रंगावरून फार तर काहिलीत काय पडले याचा अंदाज येईल. उसाला काय घातले, हे रंग सांगत नाही. युरिया आणि तणनाशकावर वाढलेल्या उसाचाही गूळ हायड्रॉसशिवाय करता येतो. तो ‘हायड्रॉस न वापरलेला गूळ’ आहे, आणि तसे स्पष्ट सांगून विकण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु तो सेंद्रिय नव्हे. उलट ऊस सेंद्रिय असला आणि काहिलीत हायड्रॉस पडली, तर तो गूळही सेंद्रिय राहत नाही. मावळच्या इंद्रायणी तांदळाचेही असेच. हातसडीचा म्हणजे सेंद्रिय, ही समजूत सर्रास आढळते. हातसडी ही सडण्याची पद्धत झाली, पिकवण्याची नव्हे.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा घोळ याहून मोठा आहे. आपण शेतकरी नैसर्गिक शेती म्हणतो तेव्हा सुभाष पाळेकरांची पद्धत डोळ्यांसमोर येते: देशी गाय, जीवामृत, आच्छादन. केंद्र शासनानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. मात्र अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांबाबत २०१८ साली केलेल्या नियमांत ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे. वनस्पती, प्राणी, खनिज अशा नैसर्गिक स्रोतापासून मिळालेला, एकच घटक असलेला, बाहेरून काहीही न मिसळलेला आणि खाण्यायोग्य होण्यापुरतीच प्रक्रिया केलेला पदार्थ म्हणजे नैसर्गिक. पीक कोणत्या खतावर वाढले, याचा या व्याख्येत उल्लेख नाही. म्हणजे दुकानातील पाकिटावर ‘नैसर्गिक’ वाचून ग्राहक जीवामृताची कल्पना करतो आणि आतील माल रासायनिक खतावर वाढलेला असू शकतो. तरीही कायदा मोडलेला नसतो! आता आपल्याकडची अडचण पाहा. गुळात सुंठ-वेलची घालून वड्या केल्या की तो मिश्र पदार्थ झाला. त्यावर ‘नैसर्गिक’ छापता येत नाही. सर्व घटक वरील अटीत बसत असतील तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनविलेले’ असे लिहिता येते. बचत गटांतील भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. साबण, केशतेल यांना हे अन्नाचे नियम लागू नाहीत, त्यांचे नियम निराळे आहेत. तेथील ‘नैसर्गिक’ शब्दावर ग्राहकाने विसंबू नये, असे माझे मत आहे.

तिसरा शब्द अलीकडे फार चालतो, तो म्हणजे ‘अवशेषमुक्त’. याबाबत द्राक्ष बागाईतदारांचा अनुभव सर्वांनी ऐकण्यासारखा आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढनियंत्रकाचे अवशेष सापडले आणि निर्यात अडचणीत आली. माल तपासणीशिवाय गेलेला नव्हता. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अवशेष तपासणीची व्यवस्था त्यापूर्वीच सुरू होती. पण तपासावयाच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. प्रयोगशाळेचा अहवाल हा त्या नमुन्यापुरता आणि यादीतील रसायनांपुरताच बोलतो. फवारणीनंतर योग्य दिवस थांबून काढलेला मालही या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकतो. तो खाण्यास सुरक्षित असेल, परंतु त्याला सेंद्रिय म्हणता येणार नाही. सेंद्रिय हा शब्द शेतीच्या पद्धतीबद्दल आहे, आणि पद्धतीचा पुरावा शेतातच व नोंदवहीतच सापडतो.

हा पुरावा देण्याचे दोन मार्ग आपल्या देशात आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा. तो २००१ पासून असून ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे त्याचे चिन्ह आहे. यात त्रयस्थ प्रमाणीकरण संस्थेचा तपासनीस शेतावर येतो. हंगामी पिकांसाठी साधारणपणे पेरणीपूर्वी २ वर्षे आणि फळबागेसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी पहिल्या सेंद्रिय काढणीपूर्वी ३ वर्षे रूपांतराचा काळ धरतात. खर्च जास्त, पण निर्यातीसाठी हाच मार्ग आहे. एकट्याला न परवडल्यास गट करून प्रमाणपत्र घेता येते. दुसरा मार्ग सहभाग हमी पद्धतीचा, म्हणजे पीजीएस-इंडियाचा. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो, आणि सभासदच एकमेकांची शेते तपासतात. रूपांतर काळात ‘पीजीएस ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस ऑरगॅनिक’ असा शिक्का मिळतो. ही पद्धत देशातील विक्रीसाठी आहे. पुण्यात माल विकणाऱ्या बहुतेकांना ती पुरेशी आहे, असे मला वाटते. फक्त शेजाऱ्याने फवारले तर त्याच्या तोंडावर सांगण्याची तयारी गटात हवी. ती नसेल तर कागद भरून उपयोग नाही.

सेंद्रिय अन्नाचे २०१७ चे नियम १ जुलै २०१८ पासून अमलात आले. त्यानुसार सेंद्रिय म्हणून विकावयाच्या मालास या दोहोंपैकी एक प्रमाणपत्र लागते, आणि पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह येते. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान मूळ उत्पादकाने किंवा उत्पादक संघटनेने माल थेट ग्राहकास विकल्यास त्यांना या नियमांत प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. परंतु त्यांना ‘जैविक भारत’ चिन्ह वापरता येत नाही. शिवाय ‘थेट’ या शब्दाकडे लक्ष द्या. तोच तांदूळ सदाशिव पेठेतील दुकानदाराकडे ठेवला की सूट संपली. शेजारच्या गावातून दहा पोती घेऊन आपल्या पिशवीत भरली, तरी संपली. कारण त्या पोत्यांचे मूळ उत्पादक आपण नाही.

या सवलतीत विकणाऱ्यांकडे दाखविण्यासाठी स्वतःच्या नोंदवहीखेरीज काहीच नसते. तेव्हा ती आजपासून ठेवावी. गट नंबर, बियाणे कोठून आणले, शेणखत किती गाड्या व कोणाचे, कोणती फवारणी कोणत्या तारखेस केली, किती पोती निघाली आणि किती विकली, हे सर्व त्यात हवे. शेवटचे दोन आकडे जुळले पाहिजेत. वीस पोती पिकली आणि तीस विकली गेली, तर चौकशीला आलेल्या माणसाला दुसरे काही विचारावे लागत नाही. बांधाच्या पलीकडे फवारणी होते का, तेही लिहावे आणि त्या बाजूच्या चार ओळींचा माल वेगळा काढावा.

छापखान्यात जाण्याची घाई करू नये. हजारो पिशव्या एकदम छापल्या की दर कमी पडतो हे खरे, पण प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी छापलेल्या पिशव्या रद्दीत जातात. तोवर साध्या पिशवीवर गावाचे नाव, पिकाचे वाण, काढणीचा महिना आणि कायद्याने आवश्यक तो इतर तपशील द्यावा. रूपांतराचे दुसरे वर्ष चालू असेल तर ग्राहकाला तसेच सांगावे. आता आपले प्रश्न असतील ते विचारावेत.