कायम होईपर्यंतचे दिवस



आज कर्ज नाही, बचत नाही. आज बोलायचंय आपल्या लेकी-सुनांच्या नोकरीबद्दल. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली शिकून विद्यापीठात, महाविद्यालयात कामाला लागल्यात. कुणी लिपिक, कुणी प्रयोगशाळेत, कुणी ग्रंथालयात, तर कुणी शिकवते. नेमणुकीचा आदेश येतो, पेढे वाटले जातात, आणि त्या आदेशातला एक शब्द वाचायचा राहून जातो. तो शब्द म्हणजे परिवीक्षा, म्हणजेच प्रोबेशन.

शब्द अवघड असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. गट काढला त्याच दिवशी बँकेनं कर्ज दिलं होतं का? नाही. निदान सहा महिने आपलं चालणं बघितलं. बैठक वेळेवर होते का, बचत जमते का, आपसातलं कर्ज फिटतं का, वही लिहिलेली असते का. नोकरीतही तसंच. कार्यालय माणसाचं काम पारखतं. ही मुदत किती, ते आदेशातच लिहिलेलं असतं. शिकवणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत ती एक वर्षाची आहे. काम समाधानकारक नसेल तर आणखी जास्तीत जास्त एक वर्ष वाढवता येते, पण वाढवल्याचा आदेश पहिलं वर्ष संपायच्या आत निघायला हवा. मुदत नीट पार पडली की ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश द्यायचा असतो.

आधी एक गोष्ट तपासा. अकरा महिन्यांचा करार, तासिका तत्त्व किंवा एजन्सीमार्फत मिळालेलं काम म्हणजे परिवीक्षा नव्हे. त्या वाटेनं किती वर्षं काम केलं तरी माणूस आपोआप कायम होत नाही. म्हणून "मुलगी लागली" एवढ्यावर न थांबता "कशी लागली" हे विचारा.

आता परिवीक्षेत काढून टाकता येतं का? काम पसंत पडलं नाही तर मोठी चौकशी न करताही येतं. पण चोरीचा, लबाडीचा ठपका ठेवून काढायचं असेल, तर आरोप लेखी द्यावा लागतो आणि तिचं म्हणणं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं हे अनेकदा सांगितलंय. अकृषी विद्यापीठं आणि त्यांना जोडलेल्या खाजगी महाविद्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात न्यायाधिकरण आहे. तिथं आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं असतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा आहे.

बाळंतपणाचं काय? आयुर्विमा महामंडळातल्या एका बाईची गोष्ट सांगतो. ती परिवीक्षेत असताना बाळंत झाली, आणि थोड्याच दिवसांत तिला कामावरून कमी केलं. कारण काय, तर नेमणुकीच्या वेळच्या फॉर्ममध्ये पाळीबद्दलची माहिती बरोबर भरली नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला परत कामावर घ्यायला लावलं आणि असले लाज आणणारे प्रश्न फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. म्हणून परिवीक्षेत दिवस गेले तर लपवू नका. रजेचा अर्ज लेखी द्या. रजेमुळे परिवीक्षा पुढे जाऊ शकते, त्याची तयारी ठेवा.

आता दुसरा विषय, आतल्या आत जागा बदलण्याचा. आमच्या एका ताईंची मुलगी विद्यापीठात परीक्षा विभागात आहे. चौदा महिने झालेत, कायम व्हायचीय. तिथंच लेखा विभागात वरच्या पदाची जाहिरात निघाली, आणि ती म्हणाली, "राजीनामा देते नि तिकडं जाते." बैठकीत आम्ही तिला तीन गोष्टी समजावल्या.

नुसती बदली असेल, म्हणजे पद तेच आणि टेबल वेगळं, तर नोकरी चालूच राहते. पण जाहिरातीतून नव्या पदावर निवड झाली, तर ती नवी नेमणूक. तिथं परिवीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

कायम कर्मचाऱ्याला सहसा जुन्या पदावर धारणाधिकार ठेवता येतो. नव्या जागी जमलं नाही तर परतायची वाट राहते. जी अजून कायम नाही, तिला ही वाट नसते. तिकडं नाकारलं तर इकडचंही गेलेलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, ते यासाठीच.

आणि तिसरी गोष्ट. अर्ज कार्यालयामार्फतच करायचा. आदेश हातात पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. मागची सेवा धरणार का, पगार कुठून सुरू होणार, परिवीक्षा किती, हे आधी लेखी विचारायचं. मुलीनं तसा अर्ज दिलाय. जायचं की थांबायचं, ते उत्तर आल्यावर तीच ठरवेल.

मैत्रिणींनो, वही कशी ठेवायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुलींनाही तेच सांगा. नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, रजेचे अर्ज, कामाबद्दल मिळालेलं प्रत्येक पत्र, सगळं एका फाइलीत. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. साहेब तोंडी म्हणाले, "तुमचं काम छान आहे," तर आनंद आहे, पण ते कुठं नोंदलेलं नसतं. आणि मुदत संपली म्हणजे आपण कायम झालो असं धरून बसू नये. दुसऱ्याच दिवशी, "माझी परिवीक्षा अमुक तारखेला पूर्ण झाली, कायम केल्याचा आदेश मिळावा," असा साधा अर्ज द्यावा. मागण्यात उद्धटपणा नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरात अशी नोकरी आहे त्यांनी आदेशाची झेरॉक्स आणा. गटातली शिकलेली कुणीही तो मोठ्यानं वाचेल. मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलिंडरची लिहितो तशी. बाकीचं पाठबळ द्यायला आपण सगळ्या आहोतच.